अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर ऑक्सिजन चेंबरचा उपचार कधी आणि कसा घ्यावा

रात्री झोपताना दोन्ही कान ठणठणीत असतात आणि सकाळी उशीवरून डोके उचलावे तर एक कान गच्च झालेला असतो. आत गुंई असा एकसारखा आवाज चाललेला असतो, मोबाइल त्या कानाला लावला तर पलीकडचे माणूस बोलते आहे की गप्प आहे हेही कळत नाही, आणि काही जणांना त्याच्या जोडीला भोवळ येते. आपल्याकडे बहुतेक घरांत याचा पहिला अर्थ ‘कानाला दडे बसले’ असाच लावला जातो. सर्दी झाली असेल, मळ साचला असेल, अंघोळीचे पाणी गेले असेल, असे म्हणून कोमट तेलाचे दोन थेंब सोडले जातात, वाफ घेतली जाते आणि ‘दोन दिवस बघू’ असे ठरते. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत अगदी असेच घडले. ज्या दवाखान्यात ती प्रथम गेली, तिथे कानात डोकावूनही न पाहता तिला मळ विरघळण्याचे थेंब देण्यात आले. नवव्या दिवशी जेव्हा श्रवणचाचणी झाली, तेव्हा उजव्या कानाच्या आलेखाची रेघ कागदाच्या तळाशी गेलेली होती. पुढच्या तीन आठवड्यांत स्टेरॉइड, इंजेक्शने आणि ऑक्सिजन चेंबर (म्हणजे हवेचा दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन श्वासावाटे देण्याची बंदिस्त जागा) या सगळ्यांतून जाताना आम्हाला जे धावतपळत शिकावे लागले, ते दुसऱ्या कुणाला पहिल्याच दिवशी ठाऊक असावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट : हा कानातला मळ आहे की मज्जातंतूचा आजार?

वैद्यकीय व्याख्येनुसार ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन ध्वनिवारंवारतांवर, ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणक्षमता गेली आणि दोष आतल्या कानात किंवा श्रवणतंतूत असेल, तर त्याला अचानक उद्भवलेला संवेदी-तंत्रिकीय बहिरेपणा म्हणतात. नाव जड असले तरी घरच्या घरी एक ढोबळ अंदाज घेता येतो. ॐकार म्हणताना शेवटचा मकार ओठ मिटून जसा लांबवतो, तसा हुंकार भरावा आणि तो कोणत्या कानात अधिक घुमतो याकडे लक्ष द्यावे. बंद वाटणाऱ्या कानातच आवाज अधिक घुमत असेल, तर मळ, पडद्यामागचे पाणी यांसारखा ध्वनी पोहोचण्याच्या वाटेतला अडथळा असण्याची शक्यता अधिक असते. उलट आवाज चांगल्या कानाकडे सरकल्यासारखा वाटला, तर आतल्या कानाला इजा झालेली असू शकते आणि मग त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. ही चाचणी निदानाची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त ‘दोन दिवस बघू’ हे वाक्य थांबवण्यासाठी उपयोगी आहे. बंद कानाबरोबर तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा तोल पूर्णपणे जाणे असे काही दिसले, तर तो पक्षाघाताचा इशारा समजून थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

तज्ज्ञ प्रथम दुर्बिणीने कान पाहतात, मळ असल्यास काढतात, कंपनकाटा कपाळावर आणि कानामागे टेकवून पाहतात आणि मग ऑडिओमेट्री करायला सांगतात. ध्वनिरोधक खोलीत बसून, बीप ऐकू आला की बटण दाबण्याची ही साधी चाचणी आहे. तिच्या आलेखात उजव्या कानाच्या खुणा लाल गोलांनी आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्यांनी दाखवतात, आणि खूण जितकी खाली, तितके ऐकणे कमी. या पहिल्या आलेखाची प्रत आणि कान बंद पडल्याची नेमकी तारीख व वेळ एका कागदावर लिहून जवळ ठेवावी. पुढचा प्रत्येक निर्णय या दोन गोष्टींवर ठरतो, आणि चेंबरवाले, विमा कंपनी व दुसरे मत देणारे डॉक्टर हे सगळे पहिल्यांदा त्याच मागतात. श्रवणतंतूवरील गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगितला जातो आणि तो करून घ्यावा, पण त्याची तारीख मिळेपर्यंत औषध थांबवून ठेवू नये.

स्टेरॉइड आधी, चेंबर त्याच्या जोडीला

ऑक्सिजन चेंबरची जाहिरात पाहून थेट तिथे जाणारे रुग्ण असतात, म्हणून हे स्पष्टच सांगितले पाहिजे की चेंबर हा स्टेरॉइडला पर्याय नाही. सर्वसाधारण रिवाज असा आहे की तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर, दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात, दहा ते चौदा दिवस पूर्ण मात्रेत देतात आणि मग हळूहळू कमी करतात. ज्यांना मधुमेह, अनियंत्रित रक्तदाब किंवा पोटातील व्रण आहे, त्यांनी ही माहिती आधीच द्यावी, कारण साखर झपाट्याने चढते. अशा रुग्णांना कानाच्या पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात स्टेरॉइड सोडण्याचा मार्ग उपलब्ध असतो. गोळ्यांनी पुरेसा फरक न पडल्यास दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यानही हीच इंजेक्शने दिली जातात. विषाणुरोधक गोळ्या किंवा रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे नियमितपणे देऊ नयेत, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीची २०१९ ची मार्गदर्शिका सांगते.

ऑक्सिजन चेंबरविषयी हीच मार्गदर्शिका काय म्हणते, ते शब्द तोलून वाचण्यासारखे आहे. कान गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइडच्या बरोबरीने, किंवा पहिल्या उपचाराने भागले नाही तर एक महिन्याच्या आत स्टेरॉइडच्याच बरोबरीने हा उपचार ‘देता येईल’ असे ती म्हणते. ‘द्यावाच’ असे म्हणत नाही. पाणबुडे आणि दाबवैद्यक (वाढवलेल्या दाबाखाली करायचे उपचार) या क्षेत्रातील अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी या संस्थेने २०११ मध्ये या आजाराचा समावेश मान्य आजारांच्या यादीत केला. युरोपातील तज्ज्ञांची २०१६ मधील लील येथील परिषद त्याहून पुढे गेली आणि दोन आठवड्यांच्या आत औषधांच्या जोडीने हा उपचार करण्याची ठाम शिफारस तिने केली. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१२ मधील कॉक्रेन समीक्षेत सात चाचण्या आणि ३९२ रुग्ण होते. श्रवणात किमान २५ टक्के सुधारणा हा निकष धरला, तर पाच जणांना चेंबर दिल्यावर एकाला जादा फायदा झाला. ५० टक्के सुधारणेचा निकष लावल्यावर मात्र फरक निश्चितपणे सिद्ध झाला नाही. जुनाट बहिरेपणा आणि जुनाट कर्णनाद (कानात सतत येणारा आवाज) यांत तर लाभ दिसलाच नाही. या आकड्यांकडे पाहताना हेही ध्यानात ठेवावे लागते की या आजारात बऱ्याच रुग्णांचे ऐकणे काहीही न करता, अंशतः किंवा पूर्णतः, आपोआपही परत येते. म्हणून ‘चेंबरमुळे शंभर टक्के बरे होते’ असे सांगणाऱ्या केंद्रावर विश्वास ठेवू नये, आणि ‘याचा काहीच उपयोग नाही’ असे सरसकट म्हणणेही पुराव्याला धरून नाही. माझे मत विचाराल तर, पहिल्या दोन आठवड्यांत असलेल्या, ऐकण्याची घट मोठी असलेल्या आणि खर्च झेपणाऱ्या रुग्णाने हा पर्याय डॉक्टरांपुढे स्वतःहून काढावा. सहा महिन्यांपूर्वी कान गेलेल्याने मात्र त्यासाठी दागिने मोडू नयेत.

दाबाने कानाला काय मिळते

आतल्या कानातील गोगलगायीच्या शंखासारख्या भागाला, म्हणजे कॉक्लियाला, रक्त पुरवणारी धमनी मुख्यतः एकच आहे आणि तिला बगल देणारी दुसरी वाट जवळपास नाही. तिथल्या ध्वनी टिपणाऱ्या केशपेशींना ऑक्सिजन मात्र सतत आणि भरपूर लागतो. विषाणूमुळे आलेली सूज असो, रक्ताभिसरणातील अडथळा असो की शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला असो (बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही), शेवटी या पेशी गुदमरतात अशी कल्पना आहे. साध्या हवेत श्वास घेताना तांबड्या पेशी ऑक्सिजनने जवळजवळ भरलेल्याच असतात, त्यामुळे त्यांवर आणखी लादता येत नाही. पण रक्तातील द्रवात विरघळणारा ऑक्सिजन दाबानुसार वाढतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर द्रवात तो सुमारे ०.३ मिलिलिटर असतो, आणि दोन ते अडीच वातावरण दाबाखाली (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा नेहमीचा दाब) शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास तो ४ ते ५ मिलिलिटरपर्यंत पोहोचतो. सोड्याच्या बाटलीत दाबाखाली वायू विरघळतो तेच हे तत्त्व आहे. विरघळलेला हा ऑक्सिजन आतल्या कानातील द्रवापर्यंत झिरपतो. ज्या पेशी मेल्या आहेत त्या यामुळे जिवंत होत नाहीत. ज्या गुदमरलेल्या आहेत पण अजून तग धरून आहेत, त्यांना हात मिळतो. दिवस मोजण्याचा एवढा आग्रह का, याचे उत्तर यातच आहे.

केंद्र निवडताना

समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांच्या उपचारासाठी असे चेंबर फार पूर्वीपासून वापरले जातात आणि आजही मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात दाबवैद्यकाची परंपरा आहे. आता मोठ्या शहरांत खासगी केंद्रेही आहेत. एकाच रुग्णाच्या पारदर्शक नळीसारख्या चेंबरमध्ये बहुधा आतली सगळी हवाच ऑक्सिजनची असते. अनेकांच्या खोलीवजा चेंबरमध्ये हवा दाबाखाली भरतात आणि ऑक्सिजन मास्कने किंवा डोक्यावरच्या पारदर्शक टोपातून देतात. दोन्ही चालतात. जे चालत नाही ते म्हणजे झिप लावायची, कापडी किंवा प्लॅस्टिकची फुगणारी पिशवी, जी काही सौंदर्य व आरोग्य केंद्रांत ‘ऑक्सिजन चेंबर’ या नावानेच दाखवतात. तिचा दाब साधारण १.३ वातावरणापर्यंतच जातो आणि बहिऱ्या कानासाठी अभ्यासल्या गेलेल्या उपचाराशी तिचा संबंध नाही.

फोन करतानाच विचारावे : कडक भिंतीचा चेंबर आहे का, दाब किती वातावरण देता (अपेक्षित उत्तर २ ते २.५), ऑक्सिजन किती वेळ (सुमारे ९० मिनिटे), उपचार चालू असताना डॉक्टर जागेवर असतात का, आणि किती सत्रांनंतर पुन्हा ऑडिओमेट्री करता. सर्वसाधारणपणे १० ते २० सत्रे, रोज एक, अशी आखणी असते. ४० सत्रांचे पॅकेज आगाऊ पैसे घेऊन गळ्यात मारणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे. पैसे टप्प्याटप्प्याने भरावेत आणि दहाव्या सत्रानंतर नवा आलेख पाहून, आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलून पुढचे ठरवावे. विमा असल्यास निदान, कान गेल्याची तारीख आणि सत्रांची संख्या लिहिलेले डॉक्टरांचे पत्र देऊन मंजुरी लेखी मिळवावी, मात्र त्या पत्रव्यवहारात आठवडा घालवू नये.

आत जाण्याआधी

तपासणीत फुप्फुसांविषयी बारकाईने विचारतात, कारण फुप्फुसाभोवती हवा साठलेली असून तिच्यावर उपचार झालेला नसेल, तर चेंबर जिवावर बेतू शकतो. ही एकमेव अशी अडचण आहे जिच्यापुढे कोणतीही तडजोड नाही. दमा, धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसे, फिट येण्याचा इतिहास, गरोदरपण, तीव्र ताप, पूर्वीची कानाची शस्त्रक्रिया, पेसमेकर यांपैकी काहीही असल्यास लपवू नये. कर्करोगासाठी ब्लिओमायसिन घेतले असेल तर ते आवर्जून सांगावे. मधुमेही रुग्णांनी जेवून जावे आणि साखर तपासून घ्यावी. एकीकडे स्टेरॉइड साखर चढवते आणि दुसरीकडे चेंबरमध्ये ती उतरू शकते. सर्दीने नाक चोंदले असेल तर त्या दिवशी तसे सांगावे.

ऑक्सिजनने भरलेल्या जागेत आग पकडण्यास ठिणगीही पुरते. १९९७ मध्ये इटलीतील मिलान येथे एका चेंबरला लागलेल्या आगीत ११ जण मृत्युमुखी पडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात पाच वर्षांचा एक मुलगा अशाच आगीत गेला. म्हणून केंद्राने दिलेले शंभर टक्के सुती कपडेच घालावेत, आणि मोबाइल, घड्याळ, लायटर, बॅटरीची कोणतीही वस्तू आत नेऊ नये. आपल्याकडे विशेष सांगायला हवे ते असे की त्या दिवशी डोक्याला तेल लावू नये. खोबरेल तेल, व्हॅसलिन, बाम, अत्तर, नेलपॉलिश यांपैकी काहीही अंगावर नसावे. बहीण पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे वेणीला तेल चोपडून गेली होती. तिथल्या परिचारिकेने तिला परत पाठवले, केस धुऊन ती दुपारी पुन्हा गेली. तिला तेव्हा राग आला होता, पण त्या परिचारिकेचे मी आजही मनापासून आभार मानतो. जे केंद्र असे तपासत नाही, तिथे आत पाऊल टाकू नये.

श्रवणयंत्रही बाहेर काढून ठेवावे लागते. त्यामुळे ज्याचा चांगला कानही मुळातच कमी आहे, त्याने आतून बाहेर दाखवायच्या खुणा आधीच ठरवाव्यात : अंगठा वर म्हणजे ठीक, कानाकडे बोट म्हणजे दाब थांबवा, तळहात म्हणजे लगेच बोलायचे आहे.

पहिली दहा-पंधरा मिनिटे

सगळा त्रास बहुधा याच वेळेत असतो. बोरघाट उतरून खोपोलीला येताना कानाला जे दडे बसतात, ते वातावरणाच्या दाबात जेमतेम सहा-सात टक्के फरक पडल्याने. चेंबरमध्ये काही मिनिटांत १०० ते १५० टक्के दाब वाढवला जातो, म्हणजे समुद्रात दहा ते पंधरा मीटर खोल जाण्याइतका. तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना ही भावना ओळखीची असेल. दार बंद झाल्यावर हवा शिरण्याचा सूं असा आवाज येतो, आत थोडे गरम होते आणि पडद्यावर कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखे वाटू लागते. कान दुखायची वाट न पाहता दर काही सेकंदांनी घोट गिळावा, जबडा हलवावा, जांभई द्यावी. तेवढ्याने भागले नाही तर नाक चिमटीत धरून गिळावे, किंवा नाक धरून, तोंड मिटून अगदी हलकेच फुंकर द्यावी. ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन कान मोकळा होतो. जोर लावून फुंकू नये, कारण आधीच दुखावलेल्या आतल्या कानाला तो झटका परवडणारा नाही. दुखले की लगेच खूण करावी. ऑपरेटर दाब थांबवतो, थोडा उतरवतो आणि पुन्हा सावकाश वाढवतो. लाजेने सहन करत राहण्यामुळेच पडद्यामागे रक्त साकळण्याचे प्रकार होतात. काही केल्या कान मोकळा होत नसेल, तर नाकात सोडायचे थेंब देतात किंवा पडद्यात बारीकशी नळी बसवतात.

त्यानंतरचा दीड तास तुलनेने शांत असतो. मधून मधून पाच मिनिटे साधी हवा घ्यायला लावतात. ऑक्सिजनच्या अतिमात्रेने क्वचित फिट येऊ शकते, ती टाळण्यासाठी ही विश्रांती असते आणि ती चुकवू नये. ओठ किंवा गालाचे स्नायू फडफडणे, मळमळ, नजरेत अंधारी असे काही जाणवले तर तत्काळ सांगावे. दाब उतरवताना थंडी वाजते, कान आपोआप टकटक करत मोकळे होतात, आणि त्या वेळी श्वास रोखून न धरता नेहमीसारखा घेत राहायचा असतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने एक दिवस आधी जाऊन चेंबर पाहून यावा, दार उघडे ठेवून त्यात पाच मिनिटे पडून पाहावे. बहुतेकांची भीती एवढ्यानेही निम्मी होते.

सत्रांच्या काळात सिगारेट, विडी, तंबाखू पूर्ण बंद ठेवावी. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि इतक्या खटाटोपाने मिळवलेल्या ऑक्सिजनच्या वाटेत तेच आडवे येते. मोठे आवाज, हेडफोन, फटाके यांपासून दोन्ही कान जपावेत. सत्रे वाढली तर दूरचे थोडे अंधुक दिसू लागते. हा बदल काही आठवड्यांत मागे फिरतो, म्हणून लगेच चष्म्याचा नंबर बदलून घेऊ नये.

फरक पडतो आहे का, हे कसे ओळखावे

रोज फोन कानाला लावून अंदाज घेत बसल्याने मन थकते. सुधारणा आलेखावर आणि शब्द ओळखण्याच्या चाचणीवर मोजावी. उपचार संपल्यावर एक आणि सहा महिन्यांच्या आत आणखी एक ऑडिओमेट्री करून घ्यावी. साठीच्या पुढचे वय, सुरुवातीलाच आलेली भोवळ आणि जवळपास पूर्ण बहिरेपणा असलेल्यांत परतीची शक्यता कमी असते. बहिणीच्या उजव्या कानात खालच्या पट्टीतील आवाज बऱ्यापैकी परत आले. वरच्या पट्टीतील आले नाहीत, त्यामुळे तिला कुकरची शिट्टी त्या बाजूने आजही क्षीण ऐकू येते. स्टेरॉइडने काय दिले आणि चेंबरने काय दिले, हे तिच्या बाबतीत वेगळे करून सांगणे शक्य नाही.

वीस सत्रांनंतरही आलेख हलला नसेल, तर चेंबर थांबवावा आणि तो पैसा व वेळ पुढच्या सोयीकडे वळवावा. थोडे ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र. एक कान पूर्ण गेला असल्यास त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवणारे क्रॉस यंत्र. आणि निवडक रुग्णांत कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे श्रवण-उपकरण. कर्णनादासाठी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) समुपदेशनाची स्वतंत्र वेळ मागून घ्यावी. घरच्यांनी तोपर्यंत एक करावे : जेवायला बसताना त्या व्यक्तीच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसावे, आणि रस्ता ओलांडताना बहिऱ्या बाजूने आपण चालावे.